वरून समुद्र दिसतो

एकतीस वर्षं घाटातल्या गाडीवर कंडक्टरकी केलेल्या माणसाला त्या डोंगरातलं काय माहीत नसेल, असं कुणालाही वाटेल. आणि खरंच, मास्तरांना (कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणायचे, निवृत्त झाले तरी ते नाव काही सुटलं नाही) घाटातली सव्वीसच्या सव्वीस वळणं झोपेतून उठवून विचारली तरी सांगता यायची. नवव्या वळणावर पोरं ओकतात. चौदाव्यावर म्हातारी माणसं समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरतात. एकविसाव्यावर कानाला दडे बसतात. आणि तेविसाव्यावर खिडकीतून असा काही गार वारा आत येतो की घरून भांडत आलेली नवराबायकोसुद्धा गप्प होतात. हे सगळं मास्तरांना पाठ. पण वरच्या स्टँडच्या पुढे काय आहे म्हणाल, तर भोपळा!

खोटं वाटतंय ना? पण गोष्ट अगदी साधी आहे. गाडी वर पोचली की मिळायची बारा मिनिटं. त्यात कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन नोंद करायची, मुतारीत जाऊन यायचं, कोपऱ्यावरच्या टपरीत उभ्याउभ्या चहा घशाखाली ओतायचा की लगेच दोरी ओढून डबल बेल. आणि ज्या कड्यासाठी लोक कुठून कुठून यायचे, तो कडा स्टँडपासून पाऊण तासाच्या चढावर. जाणार कधी? रजेच्या दिवशी जावं, तर पुन्हा त्याच गाडीत बसून तोच घाट चढणं म्हणजे, मास्तर म्हणायचे, न्हाव्याने सुट्टीच्या दिवशी हौसेने दाढ्या करण्यासारखं झालं.

तर ते राहिलं. पण बायकोला मात्र तो कडा त्यांनी एकतीस वर्षं दाखवला. घरबसल्या.

त्याचं असं झालं. लग्नाला महिना झाला असेल नसेल. बायको शाळेचे गणवेश शिवायची. खिडकीशी मशीन, आणि खिडकीतून काय दिसायचं, तर हात लांब केला तर लागेल अशी शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरलेला सांडपाण्याचा पाइप. एकदा संध्याकाळी तिने कॉलर उलटवता उलटवता विचारलं, "अहो, तुम्ही रोज जाता. कसं आहे हो वर?"

आता नव्या नवरीला कोण सांगेल, की बाई गं, मी वर जाऊन रोज मुतारी बघून येतो म्हणून? मास्तरांनी उतरत्या गाडीत लोकांचं जे बोलणं कानावर पडायचं तेच सांगायला घेतलं. वाटेत एक धबधबा आहे, त्याच्याजवळ उभं राहिलं की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. पुढे पुरुषभर उंचीची नेच्याची झाडं आहेत, छत्रीसारखी. पाय ठेवाल तिथे शेवाळ, इतकं मऊ की चपला काढून चालावंसं वाटतं. बोलता बोलता मास्तरांच्या लक्षात आलं, मशीनचा आवाज थांबलाय. तिचा पाय पायट्यावर तसाच टेकलेला, आणि ती त्या भिंतीकडे अशी बघतेय, जणू भिंत तिथे नाहीच.

बस्स! मास्तर गेले वाहत. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कामावरून आलं की पाय धुवायचे आणि काहीतरी सांगायचं. थापाड्या म्हणू नका हं त्यांना. माल सगळा उतारूंचा होता, मास्तरांनी फक्त घरपोच केला. पण कंडक्टरच्या कानावर वाक्यं पडतात ती अर्धी. 'दोन फुल, एक हाफ' करत तो मागे मागे सरकत जातो आणि वाक्याचं शेपूट पुढच्या सीटवरच राहतं. तसाच एकदा घोटाळा झाला. सकाळच्या पहिल्या गाडीने उतरणारी एक बाई मैत्रिणीला सांगत होती, "काय समुद्र दिसला गं वरून! डोळ्यांचं पारणं फिटलं—" आणि तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, मास्तर, तिकीट!

त्या संध्याकाळी मास्तरांनी घरात समुद्र आणला.

"समुद्र?" बायको खुर्चीत वळूनच बसली. तिने समुद्र जन्मात पाहिला नव्हता. "खरंच? डोंगरावरून?"

"मग! निळाशार."

निळा रंग मास्तरांनी स्वतःच्या पदरचा घातला. पुढच्या वर्षी जहाजं घातली. पण समुद्र आला त्या पहिल्या संध्याकाळी मशीन जितका वेळ थांबलं तितकं कधीच थांबलं नव्हतं. काम खोळंबलं तर खोळंबलं, ती म्हणाली, लाटांचं सांगा.

बाराव्या वर्षी डेपोतल्या ऑफिसात नवा नकाशा लागला. चहा पीत मास्तर सहज त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. डोंगर नकाशाच्या या टोकाला, समुद्र त्या टोकाला. मधे हातभर जमीन. आता हे घरी जाऊन सांगायचं कसं? बारा वर्षं भरलेला समुद्र एका संध्याकाळी आटवायचा? मास्तरांनी ठरवलं, उद्या सांगू. त्या उद्याला पुढे एकोणीस वर्षं लागली.

आणि निवृत्तीनंतर दोनच महिन्यांनी लेकीचा फोन आला. मास्तर आत भाजी निवडत होते. बाहेर फोन स्पीकरवर. "आई, समुद्रावर चार दिवसांची खोली घेतेय, चल माझ्याबरोबर. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की मग कुठे जाणार आहेस?"

"नको गं," बायको म्हणाली. "एकदाच काय ते चालून घेईन, तर यांच्या कड्यावर जाईन. तिथून डोंगरही दिसतो आणि समुद्रही. आणि मला तो यांच्याबरोबरच बघायचाय."

मास्तरांच्या हातातली जुडी खाली पडली.

कड्याला जायला गाडीत बसल्यावर त्यांनी ठरवलं, पहिल्याच वळणावर सांगून टाकायचं. पहिलं गेलं. मग म्हटलं, पाचव्यावर. पाचव्यावर बायकोने डब्यातला लाडवाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. लाडू खाता खाता कुणी असलं काही सांगतं का? नवव्यावर कुणाचं तरी पोर ओकलं. मास्तर सवयीने उठून पिशवी शोधायला लागले, तशी कंडक्टर बाई म्हणाली, "काका, बसा हो तुम्ही, मी आहे ना." पंचविशीची पोरगी, पण हाताला वेग असा की मास्तर बघतच राहिले. तेविसाव्याला तो गार वारा आला. बायकोने डोळे मिटले. "हाच ना तो?" म्हणाली. "तेविसावं ना?" मास्तरांनी खिडकी अजून थोडी उघडून दिली.

सांगायचं राहिलं ते राहिलंच. पण म्हणतात ना, आपण नाही बोललो तर जग बोलतं. स्टँडवर पाय ठेवतात न ठेवतात तोच टपरीवरची चहावाली हात पुसत बाहेर आली. "अगंबाई, मास्तर! आणि या वहिनी का? कड्यावर निघालात? वहिनी, तुम्हीच आणलंत हो यांना. तीस वर्षं मी ओरडतेय, अहो एकदा तरी वर जाऊन या. पण हा माणूस या फरशीच्या पुढे पाऊल टाकेल तर शपथ!"

झालं! पितळ उघडं पडलं. चहावालीने दोन ग्लास भरून दोघांच्या हातात दिले. बायकोने चहा संपवला. ग्लास विसळून जागेवर ठेवला. काठी उचलली आणि चढाच्या वाटेला लागली. तिने आरडाओरडा केला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दहा पावलांवर वाटेला दोन फाटे फुटले. बायको थांबली. मास्तरही थांबले.

"कुठून?" तिने विचारलं.

मास्तरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली आणि पाटी वाचून उजवीकडे वळली.

आणि मग काय सांगू, तो डोंगर! एकेक गोष्ट अशी समोर यायला लागली की मास्तर आपलं संकट विसरून आ वासून बघायला लागले. झाडं इतकी दाट की भर दुपारी खाली हिरवा उजेड. प्रत्येक फांदीवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर पाण्याचे थेंब, आणि कुठून कोण जाणे एक पक्षी शीळ घालत होता, तीच तीच तीन सुरांची, कुणाला तरी शिकवत असल्यासारखी. मातीला असा वास, की श्वास सोडूच नये. मास्तरांनी एकतीस वर्षांत या वासाबद्दल एकदाही सांगितलं नव्हतं. कुणी उतारू बोललाच नव्हता ना!

धबधब्याशी बायको उभी राहिली. शिंतोड्यांनी तिचे केस पांढरे झाल्यासारखे दिसत होते. ती काहीतरी म्हणाली. मास्तरांना नुसते ओठ हललेले दिसले.

"काय?" ते ओरडले.

"तुमचा धबधबा!" ती ओरडली. "बरोबर सांगितलं होतंत! ऐकू येत नाही!"

पुढे छत्रीएवढे नेचे आले. तिने काठीने दाखवले. शेवाळाचा पट्टा आला, तिथे ती दगडावर टेकली, चपला काढल्या आणि पाच-दहा पावलं अनवाणी चालून आली. मास्तर सांगून विसरले होते त्या गोष्टीही तिच्या लक्षात होत्या. माकडाच्या तोंडाचा दगड. वाकून दुसऱ्या झाडात घुसलेलं झाड. एकेक भेटत होतं, आणि प्रत्येक गोष्टीला तिचा चेहरा उजळत होता. तो चेहरा बघून मास्तरांना एकाच वेळी आनंदही व्हायचा आणि मेल्याहून मेल्यासारखंही व्हायचं. कारण आता उरला होता फक्त समुद्र.

कडा आला. गुडघ्यामुळे पाऊण तासाला दीड तास लागला होता. कठड्याला धरून दोघं उभी राहिली. खाली दरी सरळ सुटलेली, तळाला नदीची बारीक रेघ. पलीकडे डोंगर, त्याच्यामागे डोंगर, त्याच्याही मागे डोंगर, एकापेक्षा एक फिकट, शेवटचा तर आभाळ कुठलं आणि तो कुठला हेच कळू नये इतका फिकट. आभाळ लख्ख. दहा गावं दिसतील इतकं स्वच्छ. आणि कुठेही, या टोकापासून त्या टोकापर्यंत, समुद्राचा टिपूस नाही.

बायकोने पुन्हा एकदा सगळीकडे नजर फिरवली. मग बाकावर बसली.

"नाहीच आहे तर," ती म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाले. "मला माहीत होतं. नकाशात बघितलं होतं मी. एक बाई गाडीत बोलली होती, ते मी अर्धंच ऐकलं. मग तू इतकी खूश झालीस की— चुकलंच माझं. लेकीबरोबर गेली असतीस तर खरा समुद्र बघितला असतास. माझ्यापायी तोही गेला तुझा."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. डोळे भरले होते. "समुद्राचं नाही हो काही," ती म्हणाली. "तुम्ही रोज सांगायचात, मला वाटायचं, हा माणूस बघून आलाय, सुखात आहे, चला, निदान एकाने तरी बघितलंय. म्हणून मी कधी हट्ट नाही केला. आणि तुम्हीही नव्हतंच बघितलं! मग एकदा तरी म्हणायचंत, चल, दोघंही जाऊ. एकतीस वर्षांत एकदा. मी मशीन बंद करून आले नसते का?"

सव्वीस वळणं पाठ असलेल्या माणसाला हे एक वळण कधी दिसलंच नव्हतं. ते तिच्या शेजारी बाकावर टेकले.

तेवढ्यात जंगल खात्याचा राखणदार खराटा घेऊन आला. बायकोने डोळे पुसले आणि मास्तरांकडे एक तिरका कटाक्ष टाकून त्याला विचारलं, "दादा, इथून समुद्र दिसतो का हो?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं.

राखणदाराने वर उन्हाकडे बघितलं. "आत्ता कुठला?" तो म्हणाला. "दुपार झाली की ताई. समुद्र पहाटे येतो. उन्हं तापली की जातो परत. राहा की आज. मागे विश्रामघर आहे, एक खोली रिकामी आहे."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. येतो आणि जातो? हा कुठला समुद्र?

संध्याकाळी साडेपाचला खाली स्टँडवर शेवटच्या गाडीचा हॉर्न वाजला. मास्तर बायकोच्या गुडघ्याला लावायला कोमट केलेल्या तेलाची वाटी घेऊन खोलीच्या पायरीवर बसले होते. हॉर्न ऐकून ते अर्धे उठले. सवय हो! वर आल्यावर आयुष्यात एक गाडी त्यांच्याशिवाय सुटली नव्हती.

"गेली तुमची गाडी," बायको म्हणाली.

"जाऊ दे," मास्तर म्हणाले आणि खाली बसले. "दाखव पाय."

फटफटायला लागलं तशी दोघं शाल पांघरून कठड्याशी आली. आणि मास्तरांच्या तोंडून नुसता "अरे!" निघाला.

दरी नव्हतीच. कालची नदी, झाडं, कडे, सगळं बुडालं होतं. त्यांच्या पायांखालून थेट आभाळापर्यंत पांढरं पाणी पसरलं होतं. ढग, पण ढग असे कधी कुणी बघितले आहेत? वरून! ते हलत होते. सावकाश लाटा येत होत्या, कड्याला टेकत होत्या आणि आवाज न करता मागे सरत होत्या. कालचे डोंगर बेटं होऊन वर आले होते. मग सूर्याची कड वर आली आणि सगळा समुद्र आधी गुलाबी झाला, मग केशरी, आणि एक लाट तर कड्यावरून अलगद वर येऊन दोघांच्या अंगावरून गेली. गार, ओली. बायकोने तोंड पुढे केलं.

"नुसता समुद्र," मास्तर पुटपुटले. "अगं, त्या बाईने हेच सांगितलं होतं. हाच!"

"निळाशार म्हणाला होतात."

"चुकलो."

"आणि जहाजं कुठेत?"

मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं. एका छोट्याशा बेटावर एकच उंच झाड उभं होतं. "ते बघ," ते म्हणाले. "शिडाचं आहे."

बायको हसली. कालपासून पहिल्यांदा. हसता हसता तिने त्यांच्या शालीचं टोक ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात त्या पांढऱ्या पाण्याच्या तळातून, खूप खालून, हॉर्न ऐकू आला. पहिली गाडी चढत होती. मास्तर कान देऊन मोजायला लागले. "सोळा... सतरा... आता खडा चढ आहे, दुसऱ्या गिअरात टाकेल. टाकलं बघ." गाडी दिसत नव्हती, नुसता आवाज वळत वळत वर येत होता. "वीस. एकवीस. आता कानाला दडे बसले असतील सगळ्यांच्या." तेविसाव्याला ढग हलला आणि गाडी बाहेर आली. काडेपेटीएवढी, ओलीचिंब, दिवे लावलेली. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा आपली गाडी वरून पाहिली. एकतीस वर्षं त्या काडेपेटीत ते उभे होते, या सगळ्याच्या तळाशी, तिकिटं फाडत.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही." त्यांनी शालीने नाक पुसलं. "सुंदर आहे गं. फार सुंदर आहे."

"हं," ती म्हणाली. "आता मी बघितलंय. आता तुम्ही सांगा, मी ऐकते."

उतरताना गाडीत तीच कालची कंडक्टर पोरगी. तिकीट देता देता म्हणाली, "काका, काकू, राहिलात वाटतं वर? कसं आहे हो? मी रोज येते, पण बारा मिनिटांत कुठे जाणार! घरी आई रोज विचारते. मी आपलं लोक बोलतात ते सांगते ठोकून."

मास्तरांच्या जिभेवर सगळं आलं होतं. लाटा, बेटं, शिडाचं जहाज. तोंड उघडलंसुद्धा. मग त्यांनी शेजारी पाहिलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती.

"नाही सांगत," मास्तर म्हणाले. "आई चालती फिरती आहे ना?"

"हो, म्हणजे काय!"

"मग रजा टाक. पुढच्या आठवड्यात. उद्या-उद्या करू नकोस. आईला घेऊन ये, संध्याकाळच्या गाडीने. मुक्काम कर आणि पहाटे उठ."

पोरगी हसली. "बघते," म्हणाली. "बघते नाही," बायको म्हणाली. "तारीख सांग." पोरीने हातातल्या तिकिटांच्या यंत्राकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं आणि म्हणाली, "गुरुवारी. गुरुवारी नक्की."

मागचं दार लागलं. बायकोने डोक्यावरच्या बेलच्या दोरीकडे पाहिलं, मग पोरीकडे. पोरीने मान हलवली. बायको सीटचा दांडा धरून, दुखऱ्या गुडघ्यावर उभी राहिली आणि तिने दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. गाडी सुटली.